एक खोली की दोन

“वकिलाची काळजी करू नकोस गं छोटे, तो समजूतदार आहे,” असं ताई म्हणाली आणि बाईंनी वजनाच्या रकान्यात त्याचं वय लिहून ठेवलं. अकरा. अकरा किलोचा कुत्रा म्हणजे मांडीवर मावेल एवढा. हा समोर उभा होता तो चांगला तीस-बत्तीस किलोचा, पाठीवर काळा, गळ्याशी पांढरा, म्हणून वकील. बाईंनी आकडा खोडला. एकोणीस वर्षांत या फॉर्मवर त्यांच्या हातची खाडाखोड कुणी बघितली नसेल. शब्द तसा साधाच. कुत्री सोडायला येणारी माणसं काय काय बोलतात, आमचा लबाड आहे, आमची राणी आहे, आमच्याला सगळं कळतं, फक्त बोलता येत नाही. बाईंनी ते सगळं या कानानं ऐकून त्या कानानं सोडायची सवय केली होती. पण हा शब्द पंचेचाळीस वर्षं मागून आला, आणि ताईच्या नाही, आईच्या आवाजात आला. तू समजूतदार ना? मग दे तिला. तू समजूतदार ना? मग झोप भिंतीकडे. बाईंनी टेबलाखाली चपलेतले अंगठे दाबून धरले आणि पुढचा रकाना भरायला घेतला.

छप्पन वर्षांच्या बाईला छोटी म्हणणारं माणूस जगात आता एकच उरलं होतं, आणि ते समोरच्या खुर्चीत दोन्ही पाय लांब करून, काठी मांडीवर आडवी घेऊन बसलं होतं. ताई दातांची डॉक्टर. जन्मभर लोकांना आ करायला लावून स्वतः बोलायची सवय. उद्या ती दवाखान्यात भरती होणार, परवा दोन्ही गुडघे बदलणार, तिथून पुढे तीन आठवडे वकील आणि तिची दुसरी कुत्री ठिणगी इथे. या आवारात ताईचं पाऊल आज पहिल्यांदा पडत होतं. एकोणीस वर्षं ती सगळ्यांना “आमच्या छोटीची कुत्र्यांची धर्मशाळा” असं हसून सांगायची, आणि ऐकणारेही हसायचे. म्हणून तर बाईंनी सकाळपासून फरशी दोनदा धुऊन घेतली होती, पाण्याची भांडी घासून उन्हात पालथी घातली होती, दारांवरच्या पाट्या नव्यानं लिहिल्या होत्या. ताईनं यातलं काही बघितलं नाही असं नाही. तिनं सगळं बघितलं आणि म्हणाली, “वास येत नाही हं अजिबात.” ताईकडून एवढं म्हणजे पुष्कळ झालं.

“दोघांना एकाच खोलीत ठेव,” ताई म्हणाली. “घरी एका गादीवर झोपतात. ठिणगीला त्याच्याशिवाय मिनिटभर करमत नाही.”

“ते मी ठरवते. तासभर बसल्यावर.”

“तासभर कसली बसतेस? मी सांगतेय ना.”

“सगळ्यांना तोच नियम आहे, ताई.”

“मी सगळ्यांत आले का?” ताईनं काठी जमिनीवर आपटली, तशी ठिणगी भुंकली आणि वकील टेबलाखाली सरकला. “हे बघ, त्यांची ताटातूट मला चालायची नाही. संध्याकाळी सहाला फोन कर. वेगळी म्हणालीस तर लगेच गाडी पाठवते, दुसरीकडे ठेवीन. आणि आणखी एक, गुडघे झाले की मी महिनाभर तुझ्याकडे येणार आहे. नर्सबिर्स नको मला, हात लावलेला आवडत नाही कुणाचा. तुझ्याच खोलीत एक पलंग टाक माझा. पूर्वीसारख्या राहू दोघी.” आणि निघताना, दाराच्या चौकटीला धरून, वळून न बघता म्हणाली, “बहिणी-बहिणी एकत्र बऱ्या.”

गाडी गेली तरी बाई टेबलाशी बसून होत्या. गर्व म्हणा हवं तर, बाईंना त्याची लाज नव्हती. ज्यानं त्यानं आपल्या कामाचा गर्व करावा नाहीतर त्या कामाला जाऊ नये, असं त्यांचं म्हणणं. चौदा खोल्या, मधे मोठं अंगण, आणि एकोणीस वर्षांत एकाही कुत्र्याला एकही टाका नाही. शहरातले जनावरांचे डॉक्टर आपली स्वतःची कुत्री इथे आणून सोडत. हातच्या कांकणाला आरसा कशाला? पण या गर्वाला आतून एक कुसळ होतं, आणि ते त्या कुणाला दाखवत नसत. नऊ वर्षांपूर्वी एक म्हातारं जोडपं दोन सख्खे भाऊ घेऊन आलं होतं. एकत्रच ठेवा हो, म्हणून आजींनी डोळ्यांत पाणी आणलं. बाईंना काहीतरी खटकलं होतं, काय ते नक्की धरता आलं नाही, आणि त्यांनी एकत्र ठेवले. बारा दिवस भांडण नाही, साधी गुरगुर नाही. दोन्ही भांडी रोज लख्ख रिकामी. तेराव्या दिवशी पट्टा बांधताना एकाच्या बरगड्या हाताला लागल्या, एकेक मोजता येईल अशा. आमची आठवण काढून वाळला बिचारा, असं म्हणून आजींनी त्याचे मुके घेतले, आणि बाई मूग गिळून गप्प राहिल्या. दोन्ही भांडी रिकामी होत होती. कोण रिकामी करत होतं हे कुणी बघितलंच नव्हतं. टाका एकही नाही, हे तेव्हाही खरंच होतं. त्या दिवसानंतर तासभर बसणं सुरू झालं. जोडी आली की अंगणात एक गादी सावलीत, एक उन्हात, पाण्याचं भांडं एकच, आणि बाई स्टुलावर. हातात पुस्तक नाही, फोन नाही, हाक नाही, चुचकारणं नाही. तास संपला की पाटीवर एकच शब्द लिहायचा, एकत्र नाहीतर वेगळी, आणि तो शब्द आजवर कुणाच्या रडण्यानं, ओरडण्यानं बदललेला नव्हता.

आज स्टुलावर बसताना मात्र त्यांना आपला भरवसा वाटेना. वकील सावलीतल्या गादीवर गेला, दोनदा स्वतःभोवती फिरला, सुस्कारा टाकून बसला. ठिणगीनं आधी अंगणाच्या चारी कोपऱ्यांची झडती घेतली. तीन वर्षांची, तांबूस, सडपातळ, कानामागून आली अन् तिखट झाली त्यातली. मग ती येऊन त्याच्या डोक्याशी उभी राहिली. गुरगुरली नाही, दात दाखवले नाहीत. नुसती उभी. वकिलानं तोंड फिरवलं. ओठ चाटले. जांभई दिली, झोप आलेली नसताना देतात तशी. आणि उठला, उन्हातल्या गादीवर जाऊन बसला. बघणाऱ्यानं म्हटलं असतं, अहाहा, किती प्रेम, कशी जागा दिली! बाईंनी मनात एक खूण केली. थोड्या वेळानं ठिणगी सावलीतून उठून उन्हात आली आणि पुन्हा त्याच्या डोक्याशी उभी राहिली. आता सावली मोकळी होती, पण तिला सावली नकोच होती, तो जिथे असेल ती जागा हवी होती. तो उठला. पाण्यापाशी गेला. ती पाण्यापाशी आली. तो बाजूला झाला, तिचं पिऊन होईपर्यंत भिंतीकडे बघत थांबला, आणि ती गेल्यावर प्यायला तेही एक डोळा तिच्यावर ठेवून.

खिडकीजवळचा पलंग ताईचा होता, कारण ताईला गुदमरायचं. आणि खिडकी बंद, कारण ताईला सर्दी व्हायची. खिडकी बंदच ठेवायची तर पलंग तिथे कशाला, हे छोटीला नवव्या वर्षीही कळत होतं, पण विचारलं नाही. ताईला झोप आली की दिवा जायचा, मग छोटीच्या पुस्तकातलं माणूस पुलावर असो की पाण्यात. शाळेतून आल्यावर ताई बोलायची आणि छोटी ऐकायची, छोटीला काही सांगायचं असलं की ताई म्हणायची, “मला माहितेय.” बऱ्याचदा तिला माहीत असायचंही. मारलं म्हणाल तर ताईनं तिला कधी बोट लावलं नाही. उलट वर्गातल्या एका दांडगट मुलीनं छोटीची वेणी ओढली तेव्हा ताईनं शाळेच्या फाटकात तिचं दप्तर पालथं करून सगळ्यांसमोर माफी मागायला लावली होती. भांडण नाही, तंटा नाही. शेजारीपाजारी दाखला द्यायचे, बहिणी असाव्यात तर अशा. आणि छोटीला तो दाखला ऐकून अभिमान वाटायचा, हे आता आठवलं की बाईंच्या कानाच्या पाळ्या गरम व्हायच्या. बाविसाव्या वर्षी जनावरांच्या दवाखान्यात नोकरी लागली, दुसऱ्या गावी, आणि भाड्याची खोली मिळाली तेव्हा तिनं पहिल्या दुपारी सगळ्या खिडक्या सताड उघडल्या, वारा एवढा आला की कॅलेंडर फाटलं. ती फाटक्या कॅलेंडराकडे बघून एकटीच हसत सुटली. ताईची आठवण? छे. पहिले दोन महिने तर नावसुद्धा नाही. मग एकदा आई येऊन म्हणाली, तू गेल्यापासून ताई न्हाणीघरात नळ सोडून रडते, मला वाटतं तिला वाटतं मला ऐकू येत नाही. छोटीला ते खरं वाटलं नाही. ताई आणि रडणार? ताई रडवायची, तेही दाढ काढताना.

“बाई, तास होऊन वर दहा मिनिटं झाली,” मास्तर फाटकातून म्हणाले. मास्तर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले कवायतीचे शिक्षक. गळ्यात अजून शिट्टी, पण वाजवत नसत, कुत्र्यांच्या कानांना त्रास होतो म्हणून. रोज दोन वेळा कुत्री फिरवायला येत, आणि बाईंची चेष्टा करायचा हक्क त्यांनी आपणहून घेतलेला होता. “आज निकाल अडला वाटतं? परीक्षक पेपरात रडवेले झालेत.”

“परीक्षकाचीच बहीण पेपर घेऊन आलीय, मास्तर. मी कुत्र्याला बघतेय का मला बघतेय, कळेना झालंय.”

मास्तर हसले नाहीत. “मग वेगळी करून बघा ना. आपल्याला कळत नसलं तर त्यांना विचारावं.”

हे त्यांना स्वतःला सुचायला हवं होतं, याचा बाईंना थोडा राग आला. त्यांनी वकिलाला सात नंबरात नेलं, ठिणगीला आठ नंबरात. मधे भिंत, भिंतीला खाली हातभर जाळी. दोघांना खाणं दिलं आणि त्या समोर ओट्यावर बसल्या. खरं सांगायचं तर आता त्यांची खात्री झाली होती आणि ती खात्री गोड लागत होती. वकील भांड्यापाशी गेला, मागे वळून बघितलं, कुणी नाही, पुन्हा बघितलं, आणि मग खायला लागला, आधी भराभरा, मग हळू, मग एकेक दाणा चघळत. खाऊन झाल्यावर खोलीच्या मधोमध गेला, बदकन आडवा झाला, चारी पाय सोडले आणि घोरायला लागला. बघ, बाई मनातल्या मनात म्हणाल्या, बघ म्हणावं ताईला, बघ म्हणावं सगळ्यांना! त्यांना आनंदानं टाळी वाजवावीशी वाटली. आणि तेवढ्यात शेजारून आवाज आला. त्यांनी ठिणगीकडे बघितलंच नव्हतं. तासभर नाही, आता नाही. आवारात तिचं पाऊल पडल्यापासून त्यांनी तिला गुन्हेगार म्हणून बघितलं होतं, कुत्री म्हणून नाही. ठिणगीनं भांड्याला तोंड लावलेलं नव्हतं. ती जाळीला नाक लावून बसली होती आणि तिचं सगळं अंग थरथरत होतं, मागचे पाय तर उभे राहीनात. गळ्यातून बारीक, लांब, न तुटणारा सूर. अंगणाच्या कोपऱ्यांची झडती घेणारी ती ही नव्हेच. बाई जाळीपाशी खाली बसल्या. त्याच्या डोक्याशी जाऊन उभी राहायची ती जागेसाठी नाही, पाण्यासाठी नाही. एकटीनं खाली बसायचं कसं हेच तिला माहीत नव्हतं. भीती वाटली की ती त्याच्याकडे जायची, आणि तो उठायचा, आणि तिला पुन्हा भीती वाटायची. बाईंना एकाएकी न्हाणीघरातला नळ ऐकू आल्यासारखं झालं. एकोणीस वर्षांचा गर्व, आणि दोन कुत्र्यांतलं एकच बघितलं! अशी चूक परक्याच्या कुत्र्यांत त्यांच्या हातून मेल्या तरी झाली नसती.

आता प्रश्न सोपा व्हायला हवा होता तो आणखी अवघड झाला. एकाला दुसरी नको, दुसरीला तो हवाच. कुणाचं ऐकायचं? दारं उघडून दिली तर हा सूर थांबणार, ताई खूश होणार, परवा हसतमुखानं टेबलावर जाणार. वकील उठेल, भिंतीकडे सरकेल, तक्रार करणार नाही. त्यानं तीन वर्षांत केली नाही. साठी उलटलेली ताई, दोन गुडघे, भूल, त्यात कुत्री दुसरीकडे हलवायची धावपळ. आणि स्वभाव असा की तिचं म्हणणं एकदा मोडलं तर ताई पुन्हा या फाटकात यायची नाही, हे बाईंना पक्कं माहीत होतं. बाईंनी उठून सात नंबरच्या कडीला हात लावला. वकिलाचा एक कान हलला. त्यानं डोळे उघडले, ठिणगीचा आवाज ऐकला, आणि झोपेतून पुरता जागा व्हायच्या आत तो खोलीच्या मधून उठून भिंतीकडे जायला लागला. अजून दार उघडलंही नव्हतं. बाईंनी कडीवरचा हात काढून घेतला. “झोप रे बाबा,” त्या म्हणाल्या, “कुणी येत नाही.” मास्तरांना त्यांनी आठ नंबरात बसायला सांगितलं, मास्तर भिंतीला पाठ टेकून फरशीवर बसले आणि ठिणगी थरथरत त्यांच्या मांडीखाली शिरली. सहाला पाच कमी होते. बाई दोन ग्लास पाणी प्यायल्या आणि त्यांनी फोन लावला.

“वेगळी,” त्या म्हणाल्या.

पलीकडे बॅगेची चेन लागत होती ती थांबली. “तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं?”

“कुत्र्यांतलं? हो. दातांतलं तुला विचारीन.”

हे आपण बोललो यावर बाईंचा विश्वास बसेना. ताईचाही बसला नसावा. “अगं, तीन वर्षं एका गादीवर झोपतात ती!”

“गादीवर कोण असतं आणि फरशीवर कोण?”

“त्याचं डोकं असतं गादीवर,” ताई म्हणाली.

“आणि बाकीचा?”

“बाकीचा…” ताई थांबली. “बाकीचा फरशीवर असतो. त्याला गारवा आवडतो.”

“त्याला विचारलंस?”

“आता काय करतोय?”

“झोपलाय. पोटभर खाऊन.”

“आणि ती?”

“रडतेय. मास्तर बसलेत तिच्याजवळ.”

“मग सोड की तिला त्याच्याकडे! कसली दगडाची आहेस गं? तो समजूतदार आहे, काही म्हणायचा नाही.”

“काही म्हणायचा नाही, म्हणूनच नाही सोडणार.” बाईंनी फोन दुसऱ्या कानाला घेतला. “तिला एकटीनं झोपता येत नाही, ताई. तिची काही चूक नाही त्यात. मलासुद्धा आज कळलं. पण ते बघणं हे त्याचं काम नाही, माझं आहे. शिकवीन मी तिला, तीन आठवडे आहेत. रोज थोडं थोडं. गाडी पाठवायची तर पाठव, मी स्वतः दोघांना बसवून देईन. पण इथे राहिली तर वेगळी राहतील.”

बाईंना वाटलं, ठेवला फोन. मग ताईचा आवाज आला, लहान, तोंडापासून फोन लांब धरल्यासारखा. “त्याला तिची आठवण नाही येत?”

“अजून तरी नाही.”

“तुला आली होती? नोकरीला गेलीस तेव्हा?”

खोटं बोलणं अगदी सोपं होतं. परवा गुडघे होते, मागे सगळं आयुष्य एकमेकींना सांभाळून घेण्यात गेलेलं होतं, आणि “हो गं, खूप” हे तीन शब्द तोंडाशी तयार होते. “पहिले दोन महिने नाही आली,” बाई म्हणाल्या.

“मग?”

“मग आली. मग इतकी आली की एका रविवारी दिवसभर स्टँडवर बसून होते. तीन गाड्या सोडल्या. घरी आले तर परत जाता येणार नाही असं वाटलं.”

“मला कुणी सांगितलं नाही.”

“मलाही तुझं आईनं सांगितलं. नळाचं.”

“आईच्या तोंडात तीळ भिजेल तर शपथ,” ताई म्हणाली आणि नाक ओढलं. मग घसा साफ केला, रोगी आत बोलवताना करायची तसा. “माझा पलंग कुठे टाकणारेस?”

“शेजारच्या खोलीत.”

“मधलं दार आहे का?”

“आहे. हाक मारलीस की येईन. मध्येच सर्दी झाली तर खिडकीही बंद करून देईन. तुझ्या खोलीतली.”

“आणि त्या दाराची कडी? कुठल्या बाजूला?”

“माझ्या.”

आठ नंबरातला सूर आता तुटक झाला होता. मास्तर काहीतरी कवायतीच्या चालीवर गुणगुणत होते. ताई चिडेल, हसेल, आजवरचं सगळं एका दमात सुनावेल, तिला जे करायचं ते करू दे. आपण बोललो ते बोललो, आणि नीट बोललो.

“बरं,” ताई म्हणाली.

एवढंच. पुढे मला माहितेय नाही, माझं ऐक नाही, पण नाही. पन्नास वर्षांत छोटीच्या एखाद्या वाक्यावर ताईनं नुसतं बरं म्हणायची ही पहिली वेळ, आणि बाईंचा ऊर असा काही भरून आला की फोन ठेवायचं राहूनच गेलं. ताईनंही ठेवला नाही. दोघी आपापल्या घरात, फोन कानाशी धरून, कितीतरी वेळ तशाच बसून राहिल्या.